कोल्हापुरात रोजच्या वापराला डबल केबिन पिकअप घ्यावी का?

कळंबा_०९

नमस्कार मंडळी. घरात सध्या हाच एक विषय चाललाय म्हणून इथं विचारतोय. मी कळंब्यात राहतो, नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, घरी आई-वडील, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. जुनी पेट्रोल हॅचबॅक हाय ती आता काढायची. गाव राधानगरीकडं, तिथं थोडं भात थोडा ऊस आणि चुलत्यांच्या दावणीला म्हशी. सुट्टीला गावाकडं जाणं होतंच आणि रिकाम्या गाडीनं कधी जाणं होत नाही, खताची पोती, ठिबकचं बंडल, मोटर जळली की ती रिवाइंडिंगला शहरात आणायची, येताना भाताची पोती, नारळ, भाजी. खताचं पोतं एकदा डिकीत टाकलं की वास किती दिवस जात नाही, मुलगी मागं बसायला तयार नसते.

म्हणून डोक्यात आलंय की डबल केबिन पिकअपच घ्यावी, म्हणजे पुढं सीटच्या दोन रांगा आणि मागं मालाला उघडा हौदा. एक महिंद्राची बोलेरो कॅम्पर, नाहीतर जरा उडी मारून सेकंडहँड इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स. रोजचं ऑफिस, शाळा, आईला अंबाबाईला न्यायचं आणि गाव, सगळं एकाच गाडीत. वडील म्हणतात शेतकऱ्याच्या घरात अशी गाडी पाहिजेच. बायको म्हणते महाद्वार रोडला जाताना ती लावणार कुठं ते आधी सांगा. दोघांचंही पटतंय मला. ज्यांच्याकडं हाय त्यांनी खरं काय ते सांगा, दोन गाड्या ठेवायचं बजेट सध्या तरी नाही.

वैरणवाला

भावा माझ्याकडं कॅम्पर हाय, शिरोळकडं शेती आणि जनावरं, त्यामुळं माझं मत गाडीच्या बाजूनं जाणार हे धरूनच वाच. कामाला गाडी एक नंबर. हजार किलोच्या आसपास माल, मागं वैरण नाहीतर वाडं (उसाचे शेंडे) भरा, पुढं घरची माणसं बसवा, चिखलातनं पाणंदीनं निघते, आणि गावातला कुठलाबी मिस्त्री ती खोलून परत जोडू शकतो, ही लई मोठी गोष्ट हाय.

पण तू रोज ऑफिसला म्हणतोस तिथं थांब. मागं स्प्रिंगचे पाटे असतात आणि ते वजन घ्यायला केलेले असतात. माल असला की गाडी बसून चालते, रिकामी असली की उजळाईवाडीच्या पुढं सर्व्हिस रोडला मागची सीट माणसाला उचलून आपटते. वयस्कर माणसाच्या कमरेला ते झेपत नाही, माझी आई त्यात बसत नाही, मी पण बसवत नाही. पावसात रिकामी गाडी मागनं हलकी पडते, वळणावर ओल्या रस्त्यात शेपूट सरकतं, घाटात जपून चालवायची. आणि ती पिवळ्या पाटीवर म्हणजे कमर्शियल पासिंग होते हे तुला माहिती असंलच, नसंल तर आधी ते बघ, निम्मा निर्णय तिथंच होतो.

ऊस धरू नकोस बरं का हिशेबात, तो कारखान्याची वाहतूक नेते, आपल्या पिकअपचं त्यात काय काम नाही.

हिशेबी_काका

विम्याच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून पाटीचा मुद्दा जरा सविस्तर लिहितो, कारण शोरूममध्ये हे कुणी नीट सांगत नाही.

कॅम्परची पिवळी पाटी म्हणजे मालवाहू वाहन. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या विम्याचा, प्रीमियम सरकार ठरवतं. २०२२ च्या दरपत्रकात साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला १६,०४९ रुपये आहेत, तुमच्या हॅचबॅकसारख्या १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६, आणि १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला ७,८९७. हे फक्त थर्ड पार्टीचं, स्वतःच्या गाडीचं कव्हर आणि जीएसटी वेगळा. फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. कमर्शियल गाडीला ताशी ८० किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर (वेगाला मर्यादा घालणारं यंत्र) येतो, पुणे-बंगळूर हायवेला हे जाणवतं. टोलला गाडी कारमध्ये धरत नाहीत, एलसीव्हीत, म्हणजे हलक्या व्यावसायिक गाड्यांत धरतात, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला आहे, पिवळ्या पाटीला नाही.

बाजूनं असलेल्या गोष्टी पण सांगितल्या पाहिजेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. राज्याचा टॅक्स छोट्या मालवाहू गाडीला एकरकमी ७ टक्के, खासगी डिझेल गाडीला मात्र किमतीप्रमाणे १३ ते १५. लायसन्सची भीती नको, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलंय की साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी अगदी कळकळीनं लिहितोय. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, सुप्रीम कोर्टाचा २००२ सालचाच निकाल आहे. कॅम्परमध्ये मागची सीट आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) असते, पण पॉलिसीत त्या माणसांचं कव्हर लिहिलेलं आहे का हे एजंटला विचारून, वाचून, मगच सही करा. रोज मुलीला शाळेत सोडणार आहात त्यात. आणि मागच्या हौद्यात माणसं बसवायची नाहीत, जत्रा असू दे, लग्न असू दे, नाहीतर गणपतीची मिरवणूक. अपघात झाल्यावर घरं उभी राहत नाहीत, जवळून बघितलंय.

मोरेवाडीची_ताई

दादा, तुमच्या बायकोच्या बाजूनं लिहिते, कारण आमच्याकडं व्ही-क्रॉस आहे आणि आठवड्यातले बरेच दिवस मीच चालवते. आधी चांगलं सांगते. पांढऱ्या पाटीवर आहे, हायवेला बसायला मस्त, उंचावरून रस्ता दिसतो, भुदरगडात माझं माहेर आहे तिकडच्या रस्त्याला काही वाटत नाही. मला ती गाडी मनापासून आवडते.

पण शहरात रोज? लांबी ५.३ मीटर आहे, हायलक्स पण तेवढीच. बिल्डिंगमधलं पार्किंग साधारण अडीच बाय पाच मीटरचं असतं, म्हणजे नाक नाहीतर शेपूट बाहेर. आमचं स्वतःचं घर आणि पुढं अंगण आहे म्हणून निभतंय. शाहूपुरीत, राजारामपुरीच्या गल्ल्यांत गाडी वळवताना मागंपुढं करावं लागतं आणि तोवर मागं हॉर्न सुरू होतात, अंबाबाईला जायचं तर बिंदू चौकातल्या पार्किंगवर अवलंबून राहायचं नाही, लांब लावून रिक्षा करायची हे आम्ही ठरवूनच टाकलंय. सासूबाईंना चढायला फूटस्टेप लावली तरी हात द्यावा लागतो, तुमच्या आईंना एकदा शोरूममध्ये नेऊन चढवून उतरवून बघा, त्या स्वतः काय म्हणतात ते ऐका. सासूबाई बोलून दाखवत नव्हत्या, नुसतं यायचं टाळत होत्या.

दुसरं म्हणजे मागचा हौदा उघडा असतो. कोल्हापूरचा पाऊस जून ते सप्टेंबर, त्यात किराणा, दप्तर, लग्नाचा आहेर, काही मागं टाकता येत नाही. झाकण लावलं तर त्याचे पैसे वेगळे आणि मग उंच सामान बसत नाही. त्यामुळं होतं काय की पिशव्या पुन्हा मागच्या सीटवरच, पोरांच्या पायात. आणि घरात चकचकीत गाडी असली ना की तिच्यात खताची पोती टाकायला हात धजत नाही. आमचं खत अजून भाड्याच्या छोट्या हत्तीनंच (टाटा एस टेम्पोनं) जातं.

रंकाळा_ते_डॅलस

मी मूळचा फुलेवाडीचा, आता टेक्सासमध्ये. इकडं उपनगरात दर दुसऱ्या घरापुढं पिकअप आहे, फोर्डची एफ-सिरीज तर १९७७ पासून इथली सगळ्यात जास्त खपणारी पिकअप. पण इथली घरं, रस्ते, पार्किंग सगळं त्या मापानं बांधलंय, चार दारांची एफ-१५० जवळजवळ ५.९ मीटर लांब असते आणि तरी दुकानापुढं निवांत उभी राहते. भाड्यानं सामान पोचवणारा माणूस इथं सहज मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, त्यामुळं लाकूड, माती, फ्रिज सगळं स्वतः आणायचं. त्यात परदेशी पिकअपवर १९६४ पासून २५ टक्के ड्युटी, म्हणून इथल्या कंपन्यांनी ह्याच गाड्या मोठ्या करत नेल्या.

एवढं असून माझे शेजारी ती बहुतेक वेळा रिकामीच ऑफिसला नेतात. इथं बघून तिथं घेऊ नकोस एवढंच म्हणणं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत उभं राहून हाक मारली की छोटा हत्तीवाला येतो, ती सोय साधी समजू नकोस.

कळंबा_०९

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, विम्याचं वाचून रात्री झोप उडाली, हे खरंच कुणी सांगितलं नव्हतं. ताई, तुमचा मेसेज बायकोला दाखवला, ती म्हणाली हेच मी सांगत होते.

एक शंका राहिली. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावती चढते आणि गावाकडची वाट अडते. तेव्हा उंच फोर बाय फोर असली तर फरक पडंल ना? वडिलांचा सगळा जोर त्याच्यावर हाय, २०१९ ला आम्ही इकडं आणि चुलते तिकडं अडकले होते.

वैरणवाला

नाही पडत भावा, आणि ह्या विषयावर मी शिरोळचा माणूस म्हणून बोलतोय, आमच्याकडं पुराचं काय ते सगळं बघून झालंय. हायलक्सला कंपनी ७०० मिलिमीटर पाण्यातनं जाते म्हणते, ते उभ्या पाण्याचं, आणि खाली रस्ता हाय हे माहीत असताना. पुराचं पाणी वाहतं असतं, गुडघाभर वाहत्या पाण्यात मोठी गाडीपण सरकते आणि खालचा मोरीचा भराव राहिलाय का गेलाय हे वरनं दिसत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका, ते आकडे बघायचे आणि ३९ च्या आधीच माणसं इकडं आणायची नाहीतर तिकडंच थांबायचं. २०१९ ला शिरोलीला हायवे बंद होता, तिथं ट्रक उभे होते, पिकअपचं काय घेऊन बसलास. पुरासाठी म्हणून गाडी घेऊ नको, उलट अशी गाडी दारात असली की माणूस पाण्यात घालायचं धाडस करतो.

आता माझं ऐकशील तर सांगतो. माल तुझा गावात हाय, खत गावात उतरतंय, वैरण गावात, भात गावात. मग गाडी कळंब्यात उभी करून काय करायची? चुलत्यांना विचार, दोघांत मिळून एक जुनी सिंगल केबिन पिकअप नाहीतर छोटा हत्ती घ्या आणि गावातच ठेवा. पिवळ्या पाटीवर असल्यानं भाडं मारता येतं, शेजाऱ्याचा माल, बाजाराची भाजी, लग्नाचं मंडप-सामान, चुलतभाऊ असंल तर त्याला काम होतं आणि हप्ता गाडी स्वतः काढते. तू इकडं साधी चार मीटरच्या आतली गाडी घे, आईला चढायला सोपी, शाळेपुढं लागणारी.

हिशेबी_काका

वैरणवाल्यांशी सहमत. फक्त गाडी ज्याच्या नावावर त्याच्या नावावरच पॉलिसी आणि कर्ज असू दे, आणि चालवणाऱ्याचा पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर घ्या. जुनी घेणार असाल तर फिटनेसची तारीख, टॅक्स आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवलाय का ते आधी बघा, मग इंजिन बघा.

कळंबा_०९

चुलत्यांना फोन केला. त्यांच्या थोरल्याला गाडी चालवायची आवड हाय आणि लायसन्सपण हाय, ते लगेच तयार झाले, वडील अजून थोडे नाराज हाईत पण गाडी गावात उभी राहणार म्हटल्यावर त्यांचा आवाज जरा खाली आला. मारुती किंवा टाटाची छोटी गाडी इकडं बघतोय, सीएनजी घ्यावी का पेट्रोल त्याचा नवा धागा काढतो. वैरणवाले भाऊ, जुनी पिकअप बघायला आमच्यासोबत याल का एखाद्या रविवारी? खर्च आणि जेवण आमच्याकडं.

वैरणवाला

येतो की. सकाळी लवकर निघू, इंजिन थंड असताना स्टार्ट मारून बघायचं असतं. येताना पाट्यांखाली बघायला टॉर्च घेऊन ये.