लॅपटॉपवरून 27 मेगाहर्ट्झची खेळण्यातली गाडी चालवता येईल का?

धरमपेठकर

नमस्कार. पुतण्यासाठी नागपूरच्या इतवारीतून रिमोटवर चालणाऱ्या दोन गाड्या आणल्या. दोन्ही रिमोटच्या मागे नुसते ‘27 मेगाहर्ट्झ’ छापलेले आहे आणि एका रिमोटची कळ दाबली की दोन्ही गाड्या एकदमच सुटतात. माझ्याकडे आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला जोडून रेडिओ लहरी पकडणारे छोटे उपकरण) आहे. कळ दाबताच त्यावर 27.145 मेगाहर्ट्झच्या आसपास रेघ उमटते आणि रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडले की आधी काही रुंद व मग बरेच अरुंद ठोकळे, अशी रांग पुन्हापुन्हा दिसते. या रांगेचा अर्थ कसा लावायचा? आणि हाच संकेत लॅपटॉपवरून पाठवायचा झाल्यास रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिनेला वायर जोडून भागेल, की हॅकआरएफ (रेडिओ लहरी पाठवूही शकणारे उपकरण) घ्यावेच लागेल?

लहरी

तुम्ही वर्णन केलेली रांग टीएक्स-2 (रिमोटमधली, पाठवणारी) आणि आरएक्स-2 (गाडीतली, ऐकणारी) या चिपच्या जोडीची दिसते; स्वस्त गाड्यांत हीच जोडी सर्रास आढळते. यात वाहक लहर, म्हणजे 27 मेगाहर्ट्झची मूळ रेडिओ लहर, फक्त चालू आणि बंद होते, बाकी काही नाही. सुरुवातीच्या चार रुंद पल्समध्ये (तुम्हाला दिसलेल्या ठोकळ्यांमध्ये) लहर दीड मिलिसेकंद चालू व अर्धा मिलिसेकंद बंद असते, त्यापुढच्या अरुंद पल्समध्ये अर्धा मिलिसेकंद चालू व तेवढीच बंद. आज्ञा कोणती, हे अरुंद पल्सच्या संख्येवरून ठरते: पुढे जाण्यासाठी 10, मागे येण्यासाठी 40, नुसते डावीकडे वळण्यासाठी 58 आणि उजवीकडे 64. त्यामुळे ‘पुढे’ची एक फेरी 18 मिलिसेकंदांत संपते, तर ‘उजवीकडे’ची 72 मिलिसेकंद घेते. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन रुंद गटांच्या मधले ठोकळे मोजून पाहा. आकडे जुळले तर चिपचा प्रश्न मिटला.

दोन्ही गाड्या एकदम सुटण्याचे कारणही यातच आहे. या संकेतात गाडीची ओळख सांगणारा भागच नसतो. शिवाय गाडीतला रिसीव्हर सुपर-रिजनरेटिव्ह पद्धतीचा, म्हणजे चांगलाच ऐसपैस कानाचा असतो. एक रिमोट 27.145 वर आणि दुसरा 27.095 वर असला, तरी 50 किलोहर्ट्झचे अंतर त्याला पुरेसे वेगळे वाटेलच असे नाही. रिमोट उघडलात तर वारंवारता ठरवणाऱ्या क्रिस्टलच्या पत्र्याच्या डबीवर नेमका आकडा वाचता येईल.

पाठवण्यासाठी तुमचे डोंगल उपयोगाचे नाही, कारण ते फक्त ऐकते. हॅकआरएफ असेल तर रेकॉर्डिंग जसेच्या तसे परत सोडूनही गाडी चालते, कारण यात मोटारीच्या रिमोट कुलपासारखा दर वेळी बदलणारा कोड नाही. पण त्यासोबत खोलीतला गोंगाटही परत जातो, म्हणून मी पल्स स्वतः तयार करणे पसंत करतो. सेकंदाला 20 लाख सॅम्पल (लहरीचे नमुने) धरले तर अर्धा मिलिसेकंद म्हणजे 1000 सॅम्पल. ‘पुढे’ची पूर्ण फेरी 36 हजार सॅम्पलची आणि दर सॅम्पलला दोन बाइट धरून फाइल 72 हजार बाइटची होते. पायथॉनच्या दहा-पंधरा ओळींत ती लिहून होते आणि हॅकआरएफ_ट्रान्सफर या कमांडच्या पुनरावृत्तीच्या पर्यायाने सतत सोडता येते.

सोनेगावकर

रास्पबेरी पायच्या वायरबद्दल सावध करणे भाग आहे. पायच्या पिनेवर निघणारी लहर चौकोनी असते आणि चौकोनी लहरीत मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट अशा हार्मोनिक लहरी भरपूर असतात. 27.145 ची पाचपट म्हणजे 135.725 मेगाहर्ट्झ, आणि 118 ते 137 हा पट्टा विमाने व नियंत्रण कक्ष यांच्या संभाषणाचा आहे. आपल्या शहरात विमानतळ वस्तीला लागूनच असताना फिल्टरविना ही वायर हवेत सोडणे मला अजिबात मान्य नाही. हॅकआरएफच्या पुढेही 30 मेगाहर्ट्झच्या आसपास कापणारा लो-पास फिल्टर, म्हणजे त्यावरच्या लहरी अडवणारा फिल्टर, लावावा.

कायद्याचेही भान ठेवावे. भारतात 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा 5 वॉटपर्यंतच्या उपकरणांना परवान्याविना खुला आहे, पण तो इतरांना व्यत्यय न आणण्याच्या अटीवर. आणि प्रयोगशाळेचे ट्रान्समीटर आपोआप त्या सवलतीत बसते असे समजू नये. प्रयोगासाठी खरे तर अँटेनाची फारशी गरजही नाही. हॅकआरएफची शक्ती या पट्ट्यात जेमतेम 3 ते 30 मिलिवॉट. ती अॅटेन्युएटरने (संकेत क्षीण करणाऱ्या जोडणीने) आणखी कमी करून गाडी टेबलावर वीतभर अंतरावर ठेवली तरी चाके फिरतात.

धरमपेठकर

दोघांचेही आभार. ठोकळे मोजले, पुढे 10 आणि मागे 40 बरोबर निघाले. पायची वायर रद्द. मित्राकडे 2.4 गिगाहर्ट्झची एक गाडी आहे, तिचे संकेतही याच डोंगलवर पाहता येतील का?

लहरी

नाही. तुमच्या डोंगलचा ट्यूनर 24 पासून साधारण 1766 मेगाहर्ट्झपर्यंतच जातो. शिवाय त्या गाड्या रिमोटशी आधी जोडी जमवतात, डिजिटल पॅकेट पाठवतात आणि बऱ्याचदा चॅनेलही बदलत राहतात, म्हणून तिथे पल्स मोजून काही हाती लागत नाही. केवळ गाडी चालवणे हाच हेतू असेल, तर तिच्या रिमोटच्या कळांना ऑप्टोकपलर (प्रकाशाने चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जोडून आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डने त्या दाबणे हा कमी खर्चाचा मार्ग आहे.