रैनबसेरा असताना ओट्यावर का झोपायचं?

रामबागकर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एकच सूर: इंदूरात फुकट रैनबसेरे, म्हणजे बेघरांसाठी रात्रीचे निवारे आहेत, तरी लोक राजवाड्याजवळ दुकानांच्या ओट्यांवर पथारी पसरतात, म्हणजे त्यांना हौसच आहे. मला हे अजिबात पटत नाही. सराफ्यातला खाऊबाजार रात्री दोनपर्यंत जागा, तोवर आजूबाजूचा ओटा रिकामा होत नाही. पाठ टेकते न टेकते तोच झाडूवाले आणि सफाईचं मशीन. उजाडलं की दुकानाचा नोकर, "चलो भिया, उठो." उरले जेमतेम तीन तास, तेही चपला उशाशी घेऊन, पैसे बनियनच्या आत दाबून. डॉक्टर मोठ्या माणसाला किमान सात तास सांगतात. दिल्लीच्या रामलीला मैदान प्रकरणात 2012 साली सुप्रीम कोर्टानं झोप हा मूलभूत हक्क मानलाय.

कटुसत्य
तो निकाल रामलीला मैदानात झोपलेल्यांवरच्या मध्यरात्रीच्या पोलिसी कारवाईबद्दल होता. त्यातून फुटपाथ अडवायचा परवाना कुठे मिळतो? माझी आई काठी टेकत पहाटे देवळात जाते, तिला गाड्यांच्या रस्त्यावर उतरावं लागतं. 2017 पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात शहराचा पहिला नंबर येत गेला तो रात्रीच्या झाडूमुळेच. आणि एखाद्या पिऊन टाइट झालेल्याची गाडी फुटपाथवर चढली तर? उठवणारा दरवेळी दुष्टच असतो असं नाही.

केटरिंगवाला
लग्नसराईत माझ्याकडची भांडी घासणारी पोरं रात्री एकला सुटतात. रैनबसेऱ्यावर गेली की चौकीदार दार उघडायला कुरकुरतो, आधार कार्ड मागतो. एकाकडे भाड्याची हातगाडी आहे. ती बाहेर लावली आणि गेली, तर मालक भरपाई याच्याकडूनच वसूल करणार. म्हणून तो गाडीवरच झोपतो, पाय दांड्याला दोरीनं बांधून. कुणी गाडी ओढली की जाग येते. सरकारी नियमात लाख वस्तीमागे शंभर जणांची सोय, माणशी 50 चौरस फूट, सगळं आहे. गाडी कुठे लावायची ते सांगा.

मनोरमागंज
बायकांचं कुणी बोललंच नाही. मोठ्या सरकारी दवाखान्याबाहेर पेशंटबरोबर आलेल्या बायका पाळीनं झोपतात. एक झोपली की दुसरी सामान राखते.

कटुसत्य
मग चौकीदार बदला, गाड्यांना कुलूपबंद जागा द्या. त्यासाठी कर वाढवलात तरी भरेन. पण ओटा हा काही उपाय नव्हे.

रामबागकर
तोवर निदान हुसकावू तरी नका. जानेवारी 2021 मध्ये याच शहरात पालिकेच्या माणसांनी बेघर म्हाताऱ्यांना ट्रकमध्ये घालून क्षिप्रा गावाजवळ उतरवलं होतं. गावकरी आडवे आले तेव्हा परत नेलं. 'स्वच्छ शहर' म्हटलं की मला तो ट्रक आठवतो.

कटुसत्य
त्याचं समर्थन इथे कुणी करतंय का? तेव्हा मुख्यमंत्र्यांनी अधिकारी निलंबित केला, ठीकच केलं. केटरिंगवाले, हातगाडीचा मुद्दा रास्त आहे. मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे सरकारी अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, अर्ज द्या, खाली मी सही करतो. आईनं कुठून चालायचं, हे मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.