इंदूर: एसजीएसआयटीएसला इलेक्ट्रिकल की आयईटीला कॉम्प्युटर?

मंडळी, भाचीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या चॉइस फिलिंगसाठी, म्हणजे कॉलेज-ब्रांचचा पसंतीक्रम भरायला, मदत हवी आहे. जेईई मेनच्या रँकवर एसजीएसआयटीएसला (श्री गोविंदराम सेकसरिया इन्स्टिट्यूट) इलेक्ट्रिकल किंवा खंडवा रोडच्या आयईटीला (इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजी) कॉम्प्युटर मिळेल असं दिसतंय. तिचा ओढा मशीनकडे. पंख्याची मोटर उघडून वाइंडिंगचे वेढे मोजत बसते. पहिलं कॉलेज 1952 चं, स्वायत्त, आरजीपीव्हीशी (भोपाळचं राजीव गांधी तंत्र विद्यापीठ) संलग्न. दुसरं थेट देवी अहिल्या विद्यापीठाचं. क्रम लावताना चुकलं की संपलं, कारण वरचा पर्याय मिळाला की खालचे बाद.

तिथे शिकलेल्यांनी नेमकं सांगा: मशीन लॅबमध्ये एका सेटवर किती मुलं? ब्रांच बदलायला किती सीजीपीए (एकूण सरासरी ग्रेड) लागला? प्लेसमेंट ब्रांचवार हवी, आणि सरासरी नको, मधला आकडा द्या. दोन मोठ्या पॅकेजांनी सरासरी फुगते.