मदत हवी आहे: ॲपवर गृहकर्ज मंजूर, पण गाव यादीत नाही

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात गावठाणातल्या जागेवर घर बांधायचंय. ॲपवर पगार आणि सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) बघून तत्त्वतः मंजुरी लगेच येते, पण जागेचा पिन कोड टाकला की 'या भागात सेवा नाही'. बेळगाव शहरात टिळकवाडीतला फ्लॅट दाखवला तर तोच अर्ज पुढे सरकतो! सगळं ऑनलाइन म्हणे. जागेची किंमत ठरवणारा व्हॅल्युएशनवाला मात्र जागेवर यायलाच लागतो.

ई-स्वत्तूचे (कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींची ऑनलाइन मालमत्ता नोंद) नमुना ९ आणि ११ब हे उतारे आहेत, सगळे कन्नडमध्ये. ११बवर कुणाला कर्ज मिळालंय का? शाखेत थेट गेलेलं बरं की पतसंस्था, म्हणजे सोसायटी बघू? बँकांच्या नव्या गृहकर्जाचा तरता (फ्लोटिंग) दर ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराशी जोडलेला, सोसायटीला ते बंधन नाही, म्हणून तिकडे जायचं मन होत नाही. निपाणी-चिकोडीकडच्यांचा अनुभवही चालेल.