जुने व्हिडिओ फॉरमॅट जमवायचेत, सुरुवात कशाने करू?

पहिला_रीळ
नमस्कार मंडळी. बंद पडलेले होम व्हिडिओ फॉरमॅट जमवायची फार दिवसांची इच्छा आहे. बजेट एकाच मशीनचं, तेही जुन्या आणि साध्या. जागा एक फळी. सोल्डरिंग येत नाही. नुसतं मांडून ठेवायचं नाही, लावून बघायचंही आहे. व्हीएचएस (फितीची कॅसेट) की लेझरडिस्क (मोठी चकती)?

चंदेरी_चकती
डोळे झाकून लेझरडिस्क. थोडे पैसे वाढवा आणि दोन्ही बाजू आपोआप वाचणारा प्लेयरच घ्या, साधा घेऊ नका. ३० सेंटिमीटरच्या चकतीचं कव्हर हातात घेतल्यावर कळेल मी काय म्हणतोय. १९७८ साली बाजारात आलेला फॉरमॅट आहे हा! सीएव्ही प्रकारच्या चकतीवर एका फेऱ्यात एकच फ्रेम असते, त्यामुळे पॉज केलं की चित्र जागच्या जागी थांबतं, जराही थरथरत नाही. माझ्याकडे असे प्लेयर दोन आहेत, एक सुट्या भागांसाठी.

ट्रॅकिंग_बटण
अहो, बजेट एका मशीनचं आहे म्हणताहेत ते, आणि तुम्ही सुट्या भागांसाठी दुसरा घ्यायला सांगताय! शिवाय सीएव्हीच्या एका बाजूवर जेमतेम अर्धा तास मावतो. लेझर रॉटचं नावही काढलं नाहीत. चकतीचे दोन थर नीट सांधलेले नसले की आतलं ॲल्युमिनियम गंजतं आणि चित्रात ठिपक्यांचा पाऊस सुरू होतो. त्याला इलाज नाही.
धागाकर्ते, व्हीएचएस घ्या. कॅसेट घेताना तिरक्या उजेडात धरून खिडकीतून रिळाकडे बघा. गुंडाळलेल्या फितीची कड एकसारखी काळी, गुळगुळीत दिसायला हवी. पांढरट भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घालायचीच नाही. बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला.

ढिला_बेल्ट
कॅसेटचं राहू द्या, आधी मशीन बघा. मला एकाने ‘चालू कंडिशन’ म्हणून व्हीसीआर विकला. चालू म्हणजे काय, तर दिवा लागत होता! पहिलीच कॅसेट घातली, फीत आत ओढली गेली आणि बाहेर येईना. झाकण उघडलं तर रबरी बेल्ट ताणून ढिला झालेला, ग्रीस वाळून कडक. विकणारा नंतर फोनच उचलेना. अजून राग जात नाही.
पैसे देण्याआधी चार गोष्टी समोर करून दाखवायला सांगा: प्ले, रिवाइंड, स्टॉप, इजेक्ट. आढेवेढे घेतले तर सरळ उठून या.

बीटाप्रेमी
तुमची व्हीएचएस-लेझरडिस्कची भांडणं चालू द्या, पण बीटामॅक्स कॅसेटचं नाव कोणीच कसं घेत नाही? सोनीने १९७५ साली आणला, जेव्हीसीचा व्हीएचएस त्यानंतर वर्षाने आला. चित्र बीटाचंच सरस.

ट्रॅकिंग_बटण
सरस होतं ते पहिल्या, वेगवान स्पीडवर. त्या स्पीडला सुरुवातीच्या कॅसेटवर एक तास मावायचा, व्हीएचएसवर दोन. वेळ वाढवायला बीटाने स्पीड कमी केला आणि तो फरक बराचसा गेला. लोकांना अख्खा सिनेमा एका कॅसेटवर हवा होता.

बीटाप्रेमी
लोकांना काय हवं होतं हा प्रश्नच नाही, आपण जमवणारे आहोत! आणि सोनी बीटाच्या कोऱ्या कॅसेटी २०१६ पर्यंत बनवत होती. शेवटचे व्हीसीआर बनवणं बंद झालं तेही त्याच वर्षी.

निवांत_वाचक
वरचं सगळं वाचलेलं नाही, पण महत्त्वाचं म्हणून लिहितो. कॅसेट घेताना बुरशी तपासा.
हेड पुसताना कापसाची काडी अजिबात नको, तंतू अडकून हेडची टोकं तुटतात. शॅमॉय चामड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, ते ड्रमवर (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर) स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवा. वर-खाली कधीच घासायचं नाही.

चंदेरी_चकती
लेझरडिस्कला हेडच नसतं. बघा विचार करून.

पाल_की_एनटीएससी
हे कोणीच विचारलं नाही: मशीन कुठल्या टीव्ही सिस्टिमचं घेणार? पाल म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम आणि ६२५ रेषा, एनटीएससी ३० फ्रेम आणि ५२५ रेषा. केवळ पालच्या व्हीसीआरवर एनटीएससी कॅसेट नीट लागत नाही. आधी कॅसेटी कुठल्या मिळताहेत ते बघा, मग मशीन.

पहिला_रीळ
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वाचून ठरवलं: व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी.
ओढायला फीत नाही, ढिला व्हायला बेल्ट फारसा नाही, आणि बरेचसे डीव्हीडी प्लेयर ती लावतात, म्हणजे मशीनचा प्रश्न घरातच सुटला. १९९३ चा फॉरमॅट, एमपेग-१ कॉम्प्रेशन, पालमध्ये ३५२ बाय २८८ पिक्सेल. धावपळीच्या दृश्यात चौकोन दिसतात, मान्य आहे. पण कितीतरी गोष्टी व्हीसीडीवर आल्या आणि पुढे कशावरच आल्या नाहीत. लोक त्या सरळ फेकून देताहेत. मला त्या वाचवायच्या आहेत.

बीटाप्रेमी
व्हीसीडी?! ७४ मिनिटांत चकती बदलायची? एवढी चर्चा कशासाठी केली मग?

चंदेरी_चकती
अर्ध्या तासाला उठणाऱ्याने ७४ मिनिटांना नावं ठेवू नयेत, म्हणून मी गप्प. पण पैसे उरले तर लेझरडिस्कचं बघाच.

ढिला_बेल्ट
घेताय तर नीट घ्या. चकती दिव्यासमोर धरा, बारीक भोकांतून उजेड आला तर सोडून द्या. छापील बाजूचा ओरखडा जास्त घातक, कारण डेटाचा थर तिथेच, लाखेच्या पातळ थराखाली असतो. व्हीसीडीत व्हिडिओला डेटा सीडीसारखं जादा एरर करेक्शन (वाचनातल्या चुका दुरुस्त करायची सोय) नसतं, त्यामुळे आणल्या आणल्या कॉपी करून ठेवा. चकतीवरच्या एमपेगएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल कॉम्प्युटरच्या व्हीएलसी प्लेयरवर चालते. आणि चिकट झालेली पीव्हीसीची पाकिटं आधी बदला.