पहिलं पुस्तक पुण्याच्या प्रकाशकाकडे द्यायचं, की बेळगावातच स्वतः छापायचं?

मलप्रभाकाठ
खानापूर, निपाणी, बेळगाव पट्ट्यात हस्तलिखित तयार झालं की लेखकाचा पहिला फोन कोल्हापूर-पुण्याला जातो. माझं मत उलटं आहे. पहिलं पुस्तक स्वतः छापावं आणि इथंच छापावं.

160 पानांचा, डेमी 1/8 या नेहमीच्या पुस्तकी आकाराचा कथासंग्रह धरा. सोळा पानी दहा फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले पानांचे गट) होतात. 23 बाय 36 इंची तावात 32 पानं बसतात, म्हणजे एका प्रतीला पाच ताव. 500 प्रतींना 2500 ताव म्हणजे पाच रीम, वाया जाणारा कागद धरून साडेपाच. 70 जीएसएमच्या (चौरस मीटरला 70 ग्रॅम भरणाऱ्या) कागदाची या मापाची रीम साधारण 18.7 किलो भरते, म्हणून कागद लागतो सुमारे 103 किलो. एवढं पाठ असलं की प्रेसवाला "सगळं मिळून इतके" म्हणाला तरी आपण अडत नाही. कागद, प्लेट, छपाई, मुखपृष्ठ, लॅमिनेशन, बायंडिंग असे वेगवेगळे दर लिहून मागायचे.

समजा प्रत 80 रुपयांना पडली. खर्च 40,000. किंमत 200 ठेवली आणि 25 टक्के सवलतीनं हातोहात विकली, तर प्रतीमागे 150 येतात. 267 प्रतींना मुद्दल सुटलं, पुढचं सगळं आपलं. प्रकाशकाकडे 10 टक्के मानधन म्हणजे प्रतीला 20 रुपये. पाचशेच्या पाचशे खपल्या तरी 10,000.

आणि वाचक तर इथंच आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी, सांबरा या गावांत साहित्य संमेलनं भरतात. इतकी गावं स्वतःच्या पायावर संमेलन भरवतात असा दुसरा पट्टा मला दाखवा.

जुजबंदी
दादा, कागदाचं गणित चोख आहे, विक्रीचं नाही. 267 प्रती हातोहात विकायच्या म्हणजे 267 वेळा कुणीतरी समोर उभं राहून पैसे घ्यायचे. संमेलनाला आलेला माणूस टेबलापाशी थांबतो, चाळतो, पण तिथं त्याला नावाजलेल्या लेखकांचीही पुस्तकं दिसत असतात. शिवाय 500 मधून किती प्रती फुकट जातात ते धरा. 1954 च्या ग्रंथ-प्रदान कायद्याप्रमाणे कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना मिळून चार प्रती 30 दिवसांत स्वखर्चानं पाठवायच्या. ही जबाबदारी प्रकाशकाची, आणि तुमच्या मार्गात प्रकाशक म्हणजे लेखकच. मग परीक्षणासाठी दैनिकं-मासिकं, प्रस्तावना लिहिणारे, प्रकाशन समारंभाचे पाहुणे, गावकी-भावकी. चाळीस-पन्नास प्रती कुठं गेल्या ते कळतही नाही.

दुसरं, पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी शून्य आहे. म्हणून छपाईच्या बिलावर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही, तो खर्चातच जातो. तुमच्या 80 रुपयांत तो आहे का?

आणि मुख्य मुद्दा ग्रंथालयांचा. मराठी पुस्तकाचं घाऊक गिऱ्हाईक म्हणजे महाराष्ट्रातली, 1967 च्या कायद्याखालची अ, ब, क, ड वर्गातली सार्वजनिक ग्रंथालयं. आपली वाचनालयं कर्नाटकाच्या 1965 च्या कायद्याखाली येतात, म्हणजे त्या गिऱ्हाइकांत धरता येत नाहीत. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासून उभं आहे, पण एका वाचनालयावर आवृत्ती संपत नाही. सीमेपलीकडच्या, गडहिंग्लज-चंदगडच्या ग्रंथालयाला घाऊक सवलतीचं, पावतीसकट बिल हवं असतं आणि शंभर पुस्तकं एकाच विक्रेत्याकडून हवी असतात. एक पुस्तक घेऊन गेलेल्या लेखकाला तिथं कोण विचारतो? ती वाट प्रकाशक आणि वितरकाकडूनच जाते.

मलप्रभाकाठ
वाट जाते हे मान्य, पण टोल किती ते सांगा. वितरकाला 50 टक्के सवलत दिली तर 200 च्या पुस्तकाचे 100 हातात. त्यातून 80 छपाई गेली. प्रकाशकही याच गणितात अडकलेला असतो, म्हणून नव्या लेखकाच्या 300 प्रती काढतो आणि त्याही दोन वर्षं गोदामात राहतात. नव्या नावासाठी गावोगाव फिरणारा प्रकाशक आज उरलेला नाही.

शहापूर गल्ली
पैशांवर दोघांचं चालू द्या. मी अक्षरजुळणी आणि बांधणीकडून बोलतो, कारण पुस्तक तिथं बिघडतं आणि मग कुणीच विकू शकत नाही.

स्वतः छापणाऱ्याची पहिली चूक मजकुराच्या फाइलीत होते. लेखक युनिकोडमध्ये टंकतो, प्रेसमध्ये काम श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये चालतं. रूपांतरात "ऱ्य", "ऱ्ह" फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जातो, अवतरणचिन्हं उलटी होतात. रूपांतरानंतर "दुसऱ्या", "वाऱ्यावर", "कुऱ्हाड", "सर्व" असे शब्द शोधून बघा. तिथं चूक असेल तर सगळ्या फाइलीत आहे असंच समजा. दुसरी चूक अशी की लेखक स्वतःच मुद्रितं (प्रुफं) तपासतो. स्वतःचं वाक्य डोळा वाचत नाही, आठवतो. निदान तीन मुद्रितं काढा आणि दुसरं अशा माणसाला द्या ज्यानं हस्तलिखित पाहिलेलं नाही.

तिसरी गोष्ट पावसाची. बेळगावच्या जून ते सप्टेंबरच्या दमटपणात परफेक्ट बायंडिंगचं, म्हणजे नुसत्या गोंदानं चिकटवलेलं पुस्तक लवकर सुटतं. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुठ्ठ्याच्या कण्याला समांतर असायला हवा. आडवा पडला तर पानं लाटांसारखी होतात आणि पुस्तक उघडं धरलं की कण्याचा गोंद तडकतो. तपासायला सोपं आहे: कोरा ताव दोन्ही दिशांनी अलगद वाकवा, ज्या दिशेनं सहज वाकतो तिकडच्या घडीला समांतर धागा. 160 पानांचा कणा साधारण 8 मिलिमीटर होतो. मुखपृष्ठ करणाऱ्याला हा आकडा प्रेसनं प्रत्यक्ष कागदाची चळत मोजून द्यावा, नाहीतर कण्यावरचं नाव सरकून पुढच्या बाजूला येतं. पैसे असतील तर जुजबंदीच, म्हणजे फर्मे शिवून केलेली बांधणीच करा. वाचनालयात दहा हातांतून जाणारं पुस्तक शिलाईनंच टिकतं.

आता पुण्याकडच्या प्रकाशकाबद्दल. मुद्रितशोधन तिथं चांगलं होतं, यात शंका नाही. पण आपली भाषा तिथं पुसली जाते. संवादात "काय करालाईस?" लिहिलं तर "काय करतोयस?" होऊन येतं. "जेवालोय" चं "जेवतोय". हस्तलिखितासोबत दोन पानांची शब्दसूची जोडा: हे शब्द, ही क्रियापदं, या कानडी वळणाच्या रचना जशाच्या तशा ठेवायच्या, निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत. आणि लेखकाच्या लेखी संमतीशिवाय संवादात बदल नाही, हे करारात घाला.

दूधगंगा
इथं दोनच वाटांची चर्चा चालू आहे. सीमाभागातला लेखक सगळ्यात जास्त फसतो तो तिसऱ्या वाटेवर. "तुम्ही थोडं सहकार्य करा, बाकी आमच्यावर सोडा." लेखक पूर्ण छपाईचे पैसे देतो, बदल्यात त्याला शंभर-दीडशे प्रती मिळतात, "उरलेल्या वितरणाला" जातात. त्या छापल्या गेल्या की नाही हे बघायला कोणताही मार्ग नसतो. पैसे देऊन छापायचंच असेल तर मुद्रकाच्या बिलाची प्रत मागा, एकूण प्रतींचा आकडा करारात आणि पुस्तकातल्या श्रेयनामावलीत दोन्हीकडे छापून घ्या, आणि न विकलेल्या प्रती ठरलेल्या तारखेला परत मिळतील असं लिहून घ्या. यातलं एकही मान्य नसेल तर उठून यावं.

करार कुणाशीही करा, कलमं नीट वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरते, मानधन किती, हे त्यात यावं लागतं. काळ लिहिला नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेऊन प्रकाशकानं वर्षभर काहीच केलं नाही तर ते हस्तांतर संपतं, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. आणि मेख तिथंच असते: "कॉपीराइटच्या संपूर्ण कालावधीसाठी" असे तीन शब्द टाकले की लेखकाचं आयुष्य आणि त्यानंतरची 60 वर्षं गेली. हस्तांतर देऊच नका. हक्क आपल्याकडे ठेवून फक्त छापायचा परवाना द्या, एका आवृत्तीचा किंवा पाच वर्षांचा.

मानधन "छापील किमतीवर" आहे की "निव्वळ वसुलीवर", हा एक शब्द रक्कम निम्मी करतो. 200 चे 10 टक्के 20 होतात, वितरकाची 50 टक्के सवलत वजा जाता 10.

आपल्याकडच्या लेखकानं दोन कलमं हमखास बघावीत. एक, कन्नड अनुवादाचा हक्क. पुण्याचा प्रकाशक तो घेऊन ठेवतो आणि वापरत नाही. धारवाड-बेळगावात कन्नड अनुवादक आणि प्रकाशक हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणून हा हक्क लेखकाकडेच राहावा. नाटक, ध्वनिपुस्तक, ई-पुस्तक हेही वेगवेगळे लिहा. दुसरं, न्यायक्षेत्र. "सर्व वाद पुणे न्यायालयात" असं सही करून दिलं की दहा हजारांच्या मानधनासाठी निपाणीहून कोण पुण्याला तारखा करणार? कायद्याचं कलम 62 हक्कभंगाचा दावा लेखक राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावू देतं. पण थकलेलं मानधन हा कराराचा वाद, म्हणून करारातलं न्यायक्षेत्राचं कलम कोरं ठेवू नका.

जुजबंदी
अण्णा, करारावरचं सगळं मान्य. पण प्रत्येक "सहकार्य" फसवणूक नसतं. कवितासंग्रह कोणीही स्वतःच्या जोखमीवर काढत नाही. उघड आकड्यांनी लेखकानं निम्मा भार उचलला तर त्यात गैर काही नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पहिल्या पुस्तकासाठी नवलेखक अनुदान योजना आहे. अर्ज करण्याआधी त्या वर्षीच्या जाहिरातीतली वास्तव्याची अट वाचा आणि पुस्तक आधी छापून बसू नका. छापलेलं पुस्तक "पहिलं प्रकाशन" राहत नाही. दादांच्या सल्ल्यानं जाणारा इथं अडकेल.

प्रकाशकाकडे जाताना अख्खं बाड पाठवू नका. एक पानाचं पत्र, दोन पानांचा सारांश, सलग तीस पानं, पानसंख्या आणि शब्दसंख्या. तीन महिने थांबा, मग एकदा विचारा.

वाचनकट्टा
दोन भर घालते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. त्याचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. छापील आणि ई-पुस्तकाला वेगळे क्रमांक घ्या. ॲमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशनाच्या सेवेवर मराठी ई-पुस्तक काढता येतं, पण भारतातल्या विक्रीवर 70 टक्के वाटा हवा तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये ठेवावं लागतं. म्हणजे तेवढे दिवस ई-पुस्तक इतर कुठंही विकता येत नाही. शिवाय प्रत्येक एमबीला 7 रुपये कापतात, म्हणून आत मोठी छायाचित्रं नकोत.

टपालाचं म्हणाल तर मे 2025 पासून ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची टपालसेवा आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोला 100, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव लागतं. वर धरलेलं 160 पानांचं पुस्तक 190 ग्रॅमच्या आसपास भरतं, वेष्टनासकट 300 च्या आत. मुंबईतल्या बेळगावकराला घरपोच द्यायला वितरक लागत नाही.

मलप्रभाकाठ
अक्का, हेच हवं होतं. जुजबंदींनी सांगितलेल्या फुकट प्रती आणि कर धरून माझा आकडा बदलतो. 50 प्रती वाटल्या आणि कर मिळून प्रत 88 ला पडली तर खर्च 44,000, आणि मुद्दल सुटायला 294 प्रती विकाव्या लागतात. म्हणजे हातात राहिलेल्या 450 मधून 294. तरीही मी इथंच छापेन. अनुदानाचा अर्ज मात्र आधी करावा, तो मुद्दा माझ्याकडून सुटला होता.

जुजबंदी
294 पैकी संमेलनांत किती आणि टपालानं किती, हे छापायच्या आधी नावांनिशी लिहून काढा. दीडशे नावं झाली नाहीत तर हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवा, माझं म्हणणं एवढंच.