मराठी माध्यमातून थेट अकरावी सायन्स: जीवशास्त्राचे इंग्रजी शब्द पक्के कसे करायचे?

रानवाट:
दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम, सेमीसुद्धा नाही. आता अकरावी सायन्स, पुढे नीट (NEET, वैद्यकीय प्रवेश परीक्षा) द्यायची आहे. तंतुकणिका, लयकारिका, अभिस्तर ऊती हे नीट समजलेलं आहे. पण तेच इंग्रजी पुस्तकात मायटोकाँड्रिया, लायसोसोम, एपिथेलियल टिश्यू म्हणून समोर आलं की प्रत्येक ओळीला अडतो. वहीत दोन रकाने करून इंग्रजी शब्द आणि मराठी अर्थ लिहितो, पण आठवडाभरात निम्मे शब्द उडून जातात. युरेटर-युरेथ्रा, ग्लायकोजेन-ग्लुकॅगॉन यांची कायम अदलाबदल होते. पाठ करण्याची काही वेगळी पद्धत आहे का? की सरळ नीट मराठीतूनच द्यावी?

पेशीभित्तिका:
दोन रकान्यांची वही बंद कर. त्यात प्रत्येक शब्द सुटा राहतो, म्हणून हजार शब्दांसाठी हजार वेळा घोकावं लागतं. हे शब्द बहुतेक ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे सामासिक शब्द आहेत. आपण समासाचा विग्रह करतो तसाच यांचाही करायचा, फक्त सुरुवात शेवटच्या तुकड्यापासून.

पेरिकार्डायटिस घे. शेवटी आयटिस, म्हणजे दाह. मध्ये कार्ड, म्हणजे हृदय. आधी पेरि, म्हणजे भोवती. हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह. थ्रॉम्बोसायटोपीनिया: पीनिया म्हणजे कमतरता, सायटो म्हणजे पेशी, थ्रॉम्बो म्हणजे रक्ताची गुठळी. गुठळी करणाऱ्या पेशी, म्हणजे रक्तपट्टिका कमी होणं. डेंग्यूच्या रिपोर्टवर हाच शब्द असतो.

आधी शेपट्या पाठ कर, त्या मोजक्याच आहेत. इमिया म्हणजे रक्तात, युरिया म्हणजे लघवीत. ही शेपटी झाली. युरिया नावाचा पदार्थ वेगळा आणि त्याचं इंग्रजी स्पेलिंगही वेगळं. लिसिस म्हणजे फुटणं किंवा विघटन, जेनेसिस म्हणजे निर्मिती. एक्टमी म्हणजे अवयव कापून काढणं, ऑटमी म्हणजे नुसता छेद देणं, ऑस्टमी म्हणजे नवं तोंड उघडून ठेवणं. हे तिन्ही शब्द कानाला सारखे लागतात, म्हणून ट्रॅकिऑटमी-ट्रॅकिऑस्टमी अशा जोडीनेच लिही. मग मुळं: हिपॅट यकृत, गॅस्ट्र जठर, एंटर आतडं, मायो स्नायू, कॉन्ड्र कूर्चा, एरिथ्र तांबडं, ल्युक पांढरं. रोज पाच तुकडे पुरे, पण प्रत्येक तुकड्याला तुझ्याच पुस्तकातले दोन शब्द जोड. पुस्तकात न भेटणारा तुकडा आत्ता नको.

एकाच अवयवाला दोन मुळं दिसली तर गोंधळू नको. शरीररचनेत बहुधा लॅटिन मूळ येतं आणि आजाराच्या नावात ग्रीक. म्हणून मूत्रपिंडाची धमनी रीनल, पण त्याचा दाह नेफ्रायटिस. फुप्फुसाचं पल्मोनरी, पण आजार न्यूमोनिया. गर्भाशयाचं युटेराइन, पण ते काढण्याची शस्त्रक्रिया हिस्टरेक्टमी.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या. अस्थि आणि ऑस्टिओ, दंत आणि डेंटल, नासा आणि नेझल, जानु (गुडघा) आणि जेन्यू ही नाती खरी आहेत. यकृत आणि हिपॅटसुद्धा सगोत्र आहेत, ऐकून पटत नाही एवढंच.

स्लाइड_नंबर_चार:
वरची पद्धत उत्तम, पण ती कुठे फसते तेही सांगायला हवं. ओमा म्हणजे गाठ असं पाठ केलं की ग्लॉकोमाही गाठ वाटतो. तो डोळ्याचा विकार आहे. हिमॅटोमा म्हणजे साचलेलं रक्त. लिम्फोमा आणि मेलॅनोमा ऐकायला साधे, पण दोन्ही कर्करोग. अॅनिमियाचा शब्दशः अर्थ रक्त नसणं, प्रत्यक्षात हिमोग्लोबिन कमी असणं. तेव्हा विग्रहातून अंदाज बांधा आणि व्याख्या पुस्तकातून तपासा.

दुसरा घोळ देवनागरीचा. इलियम असं लिहिलं की लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड एकच होऊन जातं. इंग्रजीत आतड्याच्या शब्दात 'ई' आहे, हाडाच्या शब्दात 'आय'. म्हणून पाठांतरासाठी कार्डं केलीत तर त्यांवर शब्द इंग्रजी लिपीतच हवा, देवनागरी फक्त उच्चारापुरती. शिवाय आपल्या पुस्तकांत ब्रिटिश स्पेलिंग असतं. इसोफॅगसची सुरुवात 'ओ'ने होते, पण अमेरिकी शब्दकोशात तो 'ई'खाली सापडेल. हिमोग्लोबिनमध्ये आपल्याकडे 'एच' नंतर 'ए-ई', त्यांच्याकडे नुसता 'ई'.

आता तुमच्या जोड्या. युरेटर दोन, मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत, प्रत्येकी साधारण 25 ते 30 सेंमी. युरेथ्रा एकच, मूत्राशयापासून बाहेर. स्त्रियांत सुमारे 4 सेंमी, पुरुषांत 18 ते 20 सेंमी. हे वाक्यात पाठ होत नाही. चार रेघांची आकृती काढा, नावं झाकून ठेवा आणि पुन्हा भरा. ग्लायकोजेन यकृतात आणि स्नायूंत साठवलेली शर्करा. ग्लुकॅगॉन स्वादुपिंडातल्या अल्फा पेशींचं संप्रेरक. दोन्ही एकाच वाक्यात बांधा: ग्लुकॅगॉन यकृतातलं ग्लायकोजेन फोडायला लावतं. याच जातीची जोडी थायमिन आणि थायामिन: पहिला डीएनएमधला बेस, दुसरं बी-1 जीवनसत्त्व.

तळटीप:
दोघांशी सहमत, पण माझ्या मते मुलं मोठ्या शब्दांवर अडत नाहीत. मायटोकाँड्रिया दहा वेळा डोळ्यांखालून गेला की बसतो. मार्क जातात ते बारीक इंग्रजी शब्दांपायी. डिव्हॉइड ऑफ म्हणजे 'नसलेला', हे माहीत नसेल तर तांबड्या पेशीत केंद्रक असतं की नसतं हे ठाऊक असूनही विधान चूक ठरवाल. लाइन्ड बाय म्हणजे आतून अस्तर असणं. गिव्हज राइज टू म्हणजे त्यापासून पुढचं तयार होणं. डिराइव्ह्ड फ्रॉम याच्या नेमकं उलट दिशेचं. परमिएबल आणि इम्परमिएबल यांत एका उपसर्गाचा फरक, पण मूत्रपिंडातल्या हेन्लेच्या वलयाचा सगळा धडा त्यावर उभा आहे: उतरती बाजू पाणी जाऊ देते, चढती देत नाही. सिक्रीट, एक्सक्रीट, इजेस्ट या तिघांना मराठीत सरसकट 'बाहेर टाकणे' लिहू नका. पहिलं स्रवणं, दुसरं चयापचयातले टाकाऊ पदार्थ काढणं, तिसरं न पचलेलं अन्न बाहेर टाकणं.

प्रश्नातले एक्सेप्ट, इनकरेक्ट आणि रिस्पेक्टिव्हली या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय आत्तापासून लावा.

नीट मराठीतून देता येते. गेल्या काही वर्षांच्या माहितीपत्रकांनुसार मराठी निवडली तर प्रश्नपुस्तिका मराठी-इंग्रजी अशी द्विभाषिक मिळते, केंद्र मात्र महाराष्ट्रातलंच घ्यावं लागतं, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम. 180 पैकी 90 प्रश्न जीवशास्त्राचे. पण पुढचं एमबीबीएस मुख्यतः इंग्रजीतूनच आहे, तेव्हा शब्दांची ही मेहनत टळत नाही, फार तर पुढे ढकलली जाते.

रानवाट:
सगळ्यांचे आभार. कार्डं कागदाची करू की अंकी (Anki) या उजळणीच्या अॅपवर? आणि उच्चार कुणाला विचारू? वर्गात बोलायची लाज वाटते.

पेशीभित्तिका:
अंकी घे. अँड्रॉइडवर आणि संगणकावर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. नवी कार्डं रोज 10 वर मर्यादित ठेव. पहिल्या उत्साहात 50 टाकली की दोन आठवड्यांत उजळणीचा डोंगर होतो आणि अॅप उघडणंच बंद होतं. एका कार्डावर एकच गोष्ट. पुढे इंग्रजी शब्द, मागे विग्रह, मराठी अर्थ आणि पुस्तकातलं एक वाक्य. चुकणाऱ्या जोडीचं उलटं कार्डही कर, मराठीतून इंग्रजी. दुसऱ्याची तयार कार्डं उतरवून घेऊ नकोस, पाठांतर अर्धं तर कार्ड बनवतानाच होतं.

उच्चाराला थोडे नियम पुरतात. शब्दाच्या सुरुवातीला 'पी-एन', 'पी-टी', 'पी-एस' आलं तर 'पी' मुका: न्यूमोनिया, टेरिडोफायटा, स्यूडोपोडिया. सुरुवातीचा 'एक्स' म्हणजे झ, म्हणून झायलेम. ग्रीक शब्दांतला 'सी-एच' म्हणजे क: कॉन्ड्रोसाइट, कोलेस्टेरॉल. 'सी'पुढे 'ई', 'आय', 'वाय' किंवा 'ए-ई' आलं की स: सिलिया, सायटोप्लाझम, सीकम.

अनेकवचनंही कार्डावर टाक, तिथे हमखास चूक होते. बॅक्टेरियम एक, बॅक्टेरिया अनेक. 'बॅक्टेरियाज' असं काही नसतं. अल्व्हिओलस-अल्व्हिओलाय, व्हिलस-व्हिलाय, ओव्हम-ओव्हा.